मंडईसाठी पोतलेलं स्टेशन

गावाचं नाव मी सांगणार नाही. भंडारा जिल्हा, पवनी तालुका, एवढ्यावर भागवून घ्या. का सांगत नाही ते पुढं तुमचं तुम्हालाच कळेल, आणि कळल्यावर तुम्हीही कुणाकडं चौकशी करत बसणार नाही.

मी सांगलीची. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि आता घरं बांधते, बोटभर उंचीची. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, रेल्वे चालवतो. त्याच्या माडीवरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एक टेबल आहे आणि त्यावर खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पटीनं लहान अशी आमची लाईन आहे. रूळ, वायरी, इंजिनं त्याची. स्टेशनं, पूल, झाडं, माणसं माझी. लोक म्हणतात, म्हातारपणी पोरखेळ सुचला. म्हणू देत! ज्यांना या वयात सत्संगाला जायचंय त्यांनी खुशाल जावं.

ही लाईन मनानं रचलेली नाही. आमचे वडील विदर्भात छोट्या गाडीच्या, म्हणजे अडीच फुटी रुळांच्या लाईनवर स्टेशन मास्तर होते. दादाचं सगळं लहानपण या गावच्या स्टेशनात गेलं. मी तिथं चालायला शिकले, पण धड बोलायला लागायच्या आत वडिलांची बदली झाली, त्यामुळं मला काही म्हणजे काही आठवत नाही. आमच्या टेबलावर सगळं उभं राहिलं, तेवढी त्या स्टेशनची जागा मोकळी राहिली. अंदाजे केलेलं दादाला चालत नाही. घरात एकच फोटो, तोही काळापांढरा: वडील दारात उभे आणि मागं दीड खिडकी. त्यावरून मापं थोडीफार निघाली असती, पण रंगाचं काय करायचं?

आणि रंगाचीच तर घाई होती. दादाला काचबिंदू आहे. उजवा डोळा कधीच गेला, डाव्याला थोडं दिसतं, तेही रोज थोडं कमी. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आहे ते जपा, किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. मी दादाला रंग विचारला की तो म्हणायचा, ‘‘गेरूसारखा. पण गेरू नव्हे.’’ पिवळा होता का? ‘‘पिवळा कसा असेल?’’ मग विटकरी? ‘‘छे.’’ शेवटी वैतागून म्हणाला, ‘‘बघितला की मी ओळखीन गं. फक्त लवकर आण.’’

ती छोटी लाईन काही वर्षांपूर्वी बंद झाली. रूळ उखडले, आता मोठी लाईन होते आहे, आणि जुनं स्टेशन कधीतरी पाडणार असं ऐकलं. आमच्या छंदाच्या ग्रुपवर नागपूरचे एक गृहस्थ आहेत, त्यांनी त्या गावातल्या सुरेश नावाच्या माणसाचा नंबर दिला आणि त्यालाही कळवून ठेवलं की सांगलीच्या मॅडम स्टेशन बघायला, मापायला येणार आहेत. हे कळवणं एवढं महागात पडेल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं!

अड्याळ

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गाडीनं भंडारा रोडला उतरले, भंडाऱ्याहून एसटी धरली आणि अड्याळला आले. बाजाराचा दिवस होता. स्टँडसमोर एका हॉटेलात पोहे मागवले तर त्यावर लालभडक तर्री ओतून आली. मी कोल्हापूरच्या रश्श्यावर वाढलेली बाई, म्हटलं याला काय घाबरायचं. दुसऱ्या घासाला नाकातून पाणी सुरू झालं. हॉटेलवाला गालातल्या गालात हसत होता. त्यानं न मागता दह्याची वाटी आणून ठेवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

सुरेश मोटारसायकल घेऊन आला. चाळिशीतला, सडपातळ, डोक्याला रुमाल. घरचा धंदा मासेमारीचा. गावच्या तलावात मासे आणि शिंगाडे. माझी बॅग त्यानं टाकीवर घेतली आणि आसगावच्या बाजूला निघालो. दोन्हीकडं धानाची कापणी चाललेली. आमच्याकडं ऊस तोडतात तेव्हा सगळीकडं धूर आणि ट्रॅक्टर, इथं मात्र ओळीनं वाकलेल्या बाया आणि विळ्यांचा आवाज. मधेच तलाव, मग परत धान, मग परत तलाव. एवढं पाणी बघून माझ्यासारखीला हेवाच वाटतो.

‘‘ताई, तुमी थकल्या असान ना जी,’’ सुरेश मान वळवून म्हणाला. मी म्हटलं, बाबा तू पुढं बघ. ‘‘पन घरी जाच्या पयले स्टेशनच पाहून घेऊ. तुमाले लय आवडन.’’

त्याच्या आवाजात काहीतरी दडवलेला आनंद होता. मला वाटलं, भला माणूस आहे, आपल्यापेक्षा उतावळा.

स्टेशन

लांबूनच दिसलं. हिरव्या-पिवळ्या शेतात, रूळ नसलेल्या मातीच्या भरावाशेजारी, पांढरंशुभ्र. डोळे दिपावेत असं पांढरं. खाली वीतभर गेरूचा पट्टा, पायरीवर रांगोळी, आणि जिथं गावाचं नाव असायचं तिथं निळ्या अक्षरात ‘सुस्वागतम्’.

मोटारसायकल थांबली. मी उतरले आणि तशीच उभी राहिले. दारात एक बाई हातात चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन हसत उभी होती. ती सुरेशची बायको, कविता. तिच्या केसांवर चुना, नाकावर चुना, पण चेहरा कसा फुललेला!

‘‘हे काय केलंत?’’ माझ्या तोंडून निघून गेलं.

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. कवितानं भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काळजीनं विचारलं, ‘‘काहून जी? बरोबर नाई झालं काय? अजून एक हात मारा लागते?’’

‘‘चुना उरला हाय,’’ सुरेश घाईनं म्हणाला. ‘‘उद्या सकारी मारून टाकतो.’’

आता सांगा, यावर रागवायचं तरी कसं? पण मी रागावले. मनातल्या मनात एवढी रागावले की कानशिलं तापली. सांगलीहून एवढ्या लांब मी चुना बघायला आले होते का? आम्ही मॉडेलवाले कशासाठी मरतो, तर पोपडे, गंज, ओल, जुन्या रंगाचा उडालेला टवका, यांच्यासाठी. नवं घर कुणीही बनवेल. मी भिंतीजवळ गेले, नखानं चुना खरवडून बघितला. खाली नुसता गिलावा.

‘‘जुना रंग कुठं गेला?’’

‘‘तो तं घासून काढला ना जी,’’ कविता अभिमानानं म्हणाली. ‘‘तसाच चुना मारला तं धरत नाई. विटेच्या तुकड्यानं घासला. सारं गाव आलं होतं. बाया बाहेरून, मानसं अंदरून.’’

आतून सुद्धा! मी पायरीवर बसले, रांगोळीवरच बसले. मग सुरेशनं समजावून सांगितलं. त्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा आपला दिवस ठरलेला. त्या दिवशी जत्रेसारखा बाजार, दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ, नाटक. लग्न होऊन गेलेल्या लेकी येतात, सोयरे येतात, आणि म्हणून त्याआधी सगळी घरं चुन्यानं रंगवून घ्यायची. त्याला ते पोतणं म्हणतात. न पोतलेल्या घरात पाहुणा घेणं म्हणजे त्याचा अपमान.

‘‘तुमी येवढ्या दुरून आमचं स्टेशन पाहाले येऊन राहिल्या,’’ सुरेश म्हणाला, ‘‘अन् स्टेशनच असं घानेरडं? गावाची काय इज्जत राहीन? मंग साऱ्याइनं ठरवलं, आपापल्या घराचा चुना थोडा थोडा वाचवाचा.’’

आमच्याकडं रंगारी बोलावतात, तो चार दिवस सांगून महिना लावतो आणि वर चहा मागतो. इथं अख्ख्या गावानं न बघितलेल्या एका म्हातारीसाठी आपल्या भिंतीचा चुना राखून ठेवला होता. हे मला कळत होतं. कळत होतं, पण डोळ्यांपुढं दादा येत होता. मी म्हटलं, ‘‘फार छान केलंय हो.’’ आवाज असा निघाला की दोघांनाही पटलं नसावं.

सुरेशच्या घरी

जेवायला मरळ माशाचा रस्सा, भात, आणि लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण. भात म्हणजे काय, डोंगर! मी भाकरी खाणारी, म्हटलं थोडा काढा. कवितानं काढला आणि पाठ फिरताच परत वाढला. रस्सा मात्र असा की दुःखातही मी दोनदा मागून घेतला. पोट कुणाचं ऐकत नाही.

सुरेशची आई, भागाबाई, भिंतीला टेकून शिंगाडे सोलत होती. वय झालेलं, पण हात भरभर चालत होते. मी जेवत असताना ती माझ्याकडं टक लावून बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, ‘‘स्टेशनाचं येवढं काहून पडलं तुमाले?’’

मी सांगितलं. आमचे वडील इथं मास्तर होते, आम्ही त्या स्टेशनात राहत होतो. शिंगाडा तिच्या हातातच राहिला.

‘‘मास्तरची पोरगी? थे लहानी? बंडूच्या कडेवर राहे, सदा शेंबडी, थे?’’

दादाला बंडू म्हणणारं माणूस आता जगात कुणी उरलं नव्हतं. मी हातातला घास परत ताटात ठेवला. ‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘तीच शेंबडी.’’

‘‘अगे माय!’’ भागाबाई उठलीच. जवळ येऊन तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला. हाताला माशांचा आणि शिंगाड्याच्या चिखलाचा वास. ‘‘अन् बंडू? आमच्या संग तलावात मासोऱ्या धरे तो. मास्तरच्या मारानं आमच्या घरी लपे. आला काहून नाई?’’

मग मी दादाच्या डोळ्याचं सांगितलं. फोटोचं सांगितलं, मोकळ्या जागेचं सांगितलं, आणि त्याला तो रंग एकदा बघायचा आहे, बघण्याइतकं दिसतंय तोवर, हेही सांगितलं. चुन्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. पण ती काय खुळी माणसं होती? कविताच्या हातातला डाव खाली गेला. सुरेशनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. ‘‘अरे बाप्पा,’’ तो म्हणाला. ‘‘आमी तं घासून काढला.’’

मग मी बघितलं, कविता सुरेशला डोळ्यांनी खुणावते आहे आणि सुरेश मान हलवतो आहे. असं दोनचारदा झालं. शेवटी भागाबाई खेकसली, ‘‘सांगून टाक ना रे. थे काय रेल्वेवाली थोडीच हाय? मास्तरची पोरगी होय.’’

गोपाळभाऊंचं दुकान

गोष्ट अशी होती. लाईन बंद झाली, रूळ नेणारे रूळ घेऊन गेले, आणि स्टेशन उघडंबोडकं पडलं. वाळवी लागायला लागली. मग गावानं एकेक वस्तू आपल्या घरी नेली. ‘‘चोरलं नाई जी,’’ सुरेश दहा वेळा म्हणाला. ‘‘संभाळून ठेवलं.’’ आणि कुणी मोजपट्टी घेऊन यायचं म्हटल्यावर, हा माणूस सामान परत न्यायला तर येत नाही ना, या धास्तीनं सगळ्यांनी तोंडं बंद ठेवली होती. चुना लावण्यात पाहुणचार होताच, पण नजर भिंतीवर राहिली तर घराघरांत जाणार नाही, हाही थोडा हिशेब होता. सुरेशनं हे कबूल केलं तेव्हा मला एवढं हसू आलं की माझा राग त्यातच विरला.

सकाळी आम्ही निघालो. स्टेशनचं दार एका गोठ्याला लावलेलं, मागं म्हैस. तिकडं मापं घेताना म्हशीनं माझी ओढणी चघळली. प्लॅटफॉर्मवरचं बाकडं तलावाच्या काठी, त्यावर मासेमार जाळी विणत बसतात. लोखंडी खांब कुणाच्या तरी मांडवाला. घंटा देवळात. प्रत्येक घरात आधी दबकत स्वागत, मग सुरेशचं एकच वाक्य, ‘‘मास्तरची पोरगी होय,’’ आणि मग चहा. चहाला नाही म्हणता येत नाही. मी किती चहा प्याले ते सांगत नाही, डॉक्टर वाचतील.

दारं, बाकडं, खांब सगळं छान, मापं अचूक मिळाली. पण दाराचा रंग करडा, बाकड्याचा हिरवा. भिंतीचा रंग कुठंच नव्हता, आणि मला पाहिजे होता तोच.

शेवटचं घर गोपाळभाऊंचं. शेतीही आहे आणि घरापुढं किराणा, धानाचा व्यापारही करतात. गडी गंभीर. दुकानाच्या भिंतीत काय बसवलं असेल? तिकीटखिडकी! लाकडी चौकट, जाळी, आणि खाली हात घालायला अर्धगोल भोक. त्या भोकातून पोरं पैसे सरकवतात आणि गोळ्या घेतात. मी वाकून भोकातून आत बघितलं, तर आतून गोपाळभाऊ गंभीरपणे म्हणाले, ‘‘बोला बाई, कुठचं टिकिट देऊ?’’

मी आत गेले आणि चौकटीची मागची बाजू बघितली. खिडकी भिंतीतून काढताना चौकटीला धरून गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा तसाच निघून आला होता. गोपाळभाऊंनी तो काढायचा कंटाळा केला आणि पोत्यामागं तसाच राहू दिला. वर कोळिष्टकं होती. मी ओढणीच्या टोकानं पुसलं.

भाजलेल्या शेंगदाण्याचं फोलपट असतं ना, पातळ, तांबूस, जरा मळकं, अगदी तो रंग. गेरूसारखा, पण गेरू नव्हे. बरोबर सांगत होता दादा. मी तिथं पोत्यांमधे उभी राहून रडायला लागले. साठी उलटलेली बाई, परक्या दुकानात, तूरडाळीच्या पोत्याला धरून! गोपाळभाऊ गडबडले. त्यांना वाटलं, पोटात दुखतंय. ‘‘सोडा देऊ काय?’’ म्हणाले.

सुरेशनं त्यांना सांगितलं. त्यांनी सुरी आणली, गिलाव्याचा तो तुकडा फार हळू, कडेकडेनं सुटा केला, कागदात गुंडाळला, दोऱ्यानं बांधला आणि माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू? ‘‘कायचे उपकार? भित्त तं तुमच्याच घरची होती,’’ गोपाळभाऊ म्हणाले.

पूल आणि मंडई

दुपारी तलावाच्या सांडव्यावरचा जुना विटांचा पूल मापायचा होता. तिथं पाण्यातूनच जावं लागतं. सुरेशनं डोंगा काढला, म्हणजे झाडाचा बुंधा कोरून केलेली अरुंद होडी. त्यात बसायचं तर श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. मी पुलाच्या कमानीला टेप लावला, पुढं वाकले, डोंगा हलला, आणि टेप डुबकन तलावात. पाठोपाठ मीही गेले असते, सुरेशनं वेणी धरली म्हणून वाचले. मग जाळ्याची दोरी घेतली, कमानीला लावून गाठी मारल्या, आणि गावात येऊन ती दोरी गोपाळभाऊंच्या दुकानातल्या दोर मोजायच्या गजानं मोजली. माझ्या वहीतली ती मापं इतर मापांइतकीच नेमकी निघाली. वेणी मात्र दोन दिवस दुखत होती.

काम संपलं होतं, मी निघणार होते. पण मंडई दुसऱ्याच दिवशी. भागाबाईनं बॅगच लपवली. ‘‘मंडई पाह्यल्याशिवाय लेक जाते काय कुठची?’’

आणि मंडई भरते कुठं, तर स्टेशनासमोरच्या मोकळ्या जागेत. मी सकाळी तिकडं गेले आणि बघतच राहिले. जिलेबीचे घाणे, बांगडीवाल्या, फुगे, पाळणा. आसपासच्या गावांतून, साकोलीकडून सुद्धा माणसं आलेली. प्लॅटफॉर्मवर बायका पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या, गाठोडी शेजारी ठेवून, कुणाची तरी वाट बघत. लेकी येत होत्या, आया उठून पुढं धावत होत्या, गळ्यात पडत होत्या. पांढऱ्या भिंतींवर ऊन असं पडलं होतं की बांधावरून येणारी माणसं लांबूनच बोट दाखवायची, ते बघा, तिथं. मी आयुष्यात कधी ते स्टेशन गजबजलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. गाडी तेवढी नव्हती.

दुपारी भागाबाईनं मला पाटावर बसवलं. कवितानं हळदीकुंकू लावलं. खणानारळानं ओटी भरली, वर तांदूळ, शिंगाडे, आणि एक जांभळी सुती साडी. मी म्हटलं, मावशी, मी काय आता माहेरवाशीण शोभते का? माझं माहेर केव्हाच संपलं. आईवडील जाऊन जमाना झाला.

‘‘इथं जलमली नाई, पन चालाले तं इथंच शिकली ना?’’ भागाबाई म्हणाली. ‘‘मंग? दरसाल येजो.’’

मी वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ उठले नाही. उठले असते तर सगळ्यांसमोर परत रडावं लागलं असतं.

सांगली

घरी येऊन आधी कागदाची पुडी दादाच्या हातात दिली. तो खिडकीशी गेला, तुकडा उन्हात धरला, डाव्या डोळ्यापाशी आणला, लांब नेला, परत आणला. वहिनी स्वयंपाकघरातून येऊन उभ्या राहिल्या. ‘‘हाच,’’ दादा म्हणाला. मग त्यानं तो तुकडा गालाला लावला आणि तसाच बसून राहिला.

मी कामाला लागले. थंडीभर तेच केलं. तो तुकडा समोर ठेवून रंग कालवला, किती वेळा कालवला आणि फेकला त्याला गणती नाही. शेवटी असा जमला की तुकडा भिंतीवर ठेवला तर सापडू नये. तिकीटखिडकीचं अर्धगोल भोक, दाराच्या फळ्या, खांब, सगळं मापात. सांगते म्हणून नव्हे, पण माझ्या हातून एवढं चांगलं काम कधी झालं नव्हतं.

पण डोळा थांबला नाही. स्टेशन टेबलावर बसवलं त्या दिवशी दादा नुसता उभा होता. सगळे दिवे लावले. ‘‘बसवलंस?’’ त्यानं विचारलं. स्टेशन त्याच्यासमोर हातभर अंतरावर होतं. तांबूस मातीवर तांबूस स्टेशन. त्याला आता फिकट आणि गडद एवढंच कळत होतं, आणि त्यात माझं ते अचूक स्टेशन मातीत बुडून गेलं होतं. त्यानं हात पुढं केला, चाचपडला, एक झाड पाडलं, आणि हात मागं घेतला. ‘‘छान झालं असेल,’’ म्हणाला.

मी तोंड फिरवून खिडकीकडं बघत राहिले.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, ‘‘सुरेशनं पोतलं होतं, ते कसं दिसत होतं गं?’’

‘‘लांबून दिसायचं,’’ मी म्हटलं. ‘‘बांधावरून येणारी माणसं बोट दाखवायची.’’

‘‘मग तसं कर ना.’’

‘‘आणि खरा रंग?’’

‘‘तो मी बघितला,’’ दादा म्हणाला. ‘‘तू आणलास, मी बघितला. आता दिसेल असं कर.’’

मी पांढरा घेतला. थंडीभर राबून जमवलेल्या रंगावर मीच कुंचला फिरवला. खाली गेरूचा पट्टा काढला. वाळल्यावर परत जागेवर बसवलं आणि दादाला हाक मारली. तो दारातून आला, दोन पावलांवर थांबला, आणि चाचपडला नाही. सरळ हात पुढं करून त्यानं बोट स्टेशनच्या दारात ठेवलं.

‘‘सुरेशला फोन लाव,’’ म्हणाला.

मी लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडं तलावाकाठचा वारा, माणसांचा कलकलाट. मी सगळं सांगितलं, जुना रंग, मग पांढरा. सुरेशनं आईला हाक मारली, फोन तिच्या हातात दिला असावा, कारण एकदम भागाबाईचा आवाज आला, ‘‘बंडू? बंडू रे, दिसते काय तुले?’’

साठ वर्षं दादा सांगलीत राहिला. आमच्यासारखंच बोलतो, आमच्यासारखंच भांडतो. तिकडची बोली त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकली नव्हती. बोट दारातच ठेवून तो फोनवर वाकला आणि म्हणाला, ‘‘हो ना माय. दिसून राहिलं मले.’’